दाजींच्या पार्किंगचा पास कुठं मिळतो?

वाचकाचं पत्र :

"दादा, आम्ही शहापूरचे. माझ्या मिस्टरांचा डावा पाय शुगरमुळं दीड वर्षापूर्वी गुडघ्याखाली काढावा लागला. वय 58. नकली पाय लावून घरात वॉकरवर फिरतात पण बाहेर व्हीलचेअर लागते. आठवड्यातनं दोनदा इथं कॅम्पात फिजिओला आणि महिन्यातनं एकदा कोल्हापूरला डॉक्टरकडं न्यावं लागतं. गाडी मुलाच्या नावावर आहे, तोच चालवतो. प्रत्येक वेळी पार्किंगचं रडगाणं. अमेरिकेतला भाचा म्हणतो तिकडं आरशाला अडकवायचा निळा पास असतो, तुम्ही पण काढून घ्या. इथं एक एजंट 4 हजारात हँडिकॅप पार्किंग परमिट काढून देतो म्हणाला. द्यावेत का? मुलानं ऑनलाइन मागवून व्हीलचेअरचा स्टिकर लावलाय. खरं सांगायचं तर तो एकटा असला तरी राखीव जागेत गाडी लावतो, बोलले तर म्हणतो आपल्याला हक्कच आहे की. टोल माफ होतो का? कर्नाटकातलं कार्ड कोल्हापुरात चालतंय का? आणि अपार्टमेंटमध्ये आमची जागा पार मागच्या कोपऱ्यात, रॅम्पवर लोक स्कूटर लावतात. कुठनं सुरुवात करू कळंना झालंय."
– एक ताई, शहापूर, बेळगाव

ताई,

पहिलं काम, ते 4 हजार कपाटातच राहू देत. त्या एजंटला फोन करून नको म्हणून सांगायची पण गरज नाही, उचलूच नका. कारण तो जे काढून देतो म्हणतोय ते परमिट आपल्याकडं नाहीच. भाचा खोटं बोलत नाही हं, अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वाहन खातं तसा पास देतं, इंग्लंडमध्ये ब्लू बॅज म्हणून असतोय, तो काचेमागं ठेवला की पोलीस बघून पुढं जातो. आपल्याकडं देशभर चालणारा असा पार्किंगचा वेगळा पास अजून निघालेला नाही. एजंट तुम्हाला काय देणार, तर कुठल्यातरी झेरॉक्स सेंटरमध्ये काढलेला निळा कागद, वर व्हीलचेअरचं चित्र, खाली गोल शिक्का, लॅमिनेशन करून. तो दाखवला की गेटवरचा माणूस एकदा हसंल आणि दुसऱ्यांदा हाकलंल.

आणि ते व्हीलचेअरचं चित्र पण नुस्तं चिन्ह आहे, 1968 साली डेन्मार्कच्या एका डिझाइन शिकणाऱ्या मुलीनं काढलेलं, नंतर ते जगभर पसरलं. दुकानात कुणालाही मिळतंय, विकत घेताना तुमचा पाय आहे का नाही कुणी बघत नाही. म्हणून मुलाच्या स्टिकरचा कधी उपयोग होतोय कधी होत नाही, समोरचा माणूस चांगला असला तर होतोय एवढंच.

मग आपल्याकडं आहे काय, तर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांग माणसाचं सरकारी ओळखपत्र. कार्ड कोल्हापुरात चालतंय का असं तुम्ही विचारलंय, पण दाजींचं काढलंय असं पत्रात कुठंच नाही म्हणून मी धरून चाललोय की अजून काढलेलं नाही, दीड वर्ष झालं तरी. यात तुमची चूक नाही, पाय काढल्यावर पहिलं वर्ष जखम, शुगर आणि बिलं यातच जातंय, कागदाचं कोण बघणार. पण आता काढा, कारण पुढचं सगळं, पार्किंग असू दे, रेल्वे असू दे, बसपास असू दे, या एका कार्डावर उभं आहे.

स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, सही नाहीतर अंगठा. जिल्हा बेळगाव निवडायचा, हॉस्पिटल निवडायचं, तुमच्यासाठी सिव्हिलच बरं, म्हणजे बिम्सचं जिल्हा रुग्णालय. फी एक रुपया पण नाही. कोण मागितली तर ती त्याच्या खिशातली फी आहे. मग तपासणीची तारीख येते, डॉक्टर बघतात, टक्केवारी लिहितात. 40 टक्के झाले की कायद्याच्या भाषेत तुम्ही बेंचमार्कमध्ये आलात, म्हणजे सवलतींसाठी धरायच्या किमान मर्यादेत. पाय गुडघ्याखाली गेला असेल तर किती खाली गेलाय त्यावर साधारण 60 ते 70 टक्के धरतात, म्हणजे दाजींना अडचण नाही, आणि कापलेला पाय काही परत उगवत नाही त्यामुळं सर्टिफिकेट कायमचं मिळतंय, दर दोन-पाच वर्षांनी जाऊन पाय दाखवायला लागत नाही. कार्डावर रंगाची पट्टी असते, 40 च्या खाली पांढरी, 40 ते 79 पिवळी, 80 च्या वर निळी. तुमची पिवळी येईल. भाच्याचा पास निळा आणि आपली पट्टी पिवळी म्हणून कमी काही मिळालं असं वाटून घेऊ नका, पार्किंगला त्यानं फरक पडत नाही.

आता आपल्या भागातली खास डोकेदुखी सांगतो, ती नावाची. दाजींचं आधार कन्नड आणि इंग्रजीत असणार. त्यात आडनावाचं स्पेलिंग एक, डिस्चार्ज कार्डावर दुसरं, रेशन कार्डावर तिसरं, कारण आपली नावं कन्नडात लिहून परत इंग्रजीत आणताना कोण ऱ्हस्व करतंय कोण दीर्घ, कुणी वडिलांचं नाव आधी घालतंय कुणी मागं. माझ्या स्वतःच्या चार कागदांवर माझं आडनाव तीन तऱ्हांनी आहे. यूडीआयडी आधारला जोडलेलं असतंय, म्हणून अर्ज करायच्या आधी आधारवरचं नाव, जन्मतारीख आणि लायसन्सवरचं नाव एकत्र ठेवून अक्षर अन् अक्षर जुळवा. जुळत नसलं तर पहिल्यांदा आधार दुरुस्त करा, मग अर्ज. उलटं केलात तर पुढं गाडीच्या कागदाला, रेल्वेला, सगळीकडं तेच भूत परत परत उभं राहतंय.

दुसरं, बोर्ड. तुम्ही कलेक्टर ऑफिसच्या आवारात 'दिव्यांग' असा बोर्ड शोधत फिराल आणि सापडणार नाही. कन्नडात शब्द आहे विकलचेतन. 'विकलचेतनर हागू हिरिय नागरिकर सबलीकरण इलाखे', म्हणजे आपलं दिव्यांग आणि ज्येष्ठ नागरिक कल्याण खातं. कन्नड वाचता येत नसेल तर हा शब्द तेवढा कागदावर कुणाकडनं तरी लिहून घ्या. तुमचे कोणी नातेवाईक खानापूर नाहीतर हुक्केरीकडं खेड्यात असतील आणि त्यांना पण हे कार्ड काढायचं असेल तर त्यांना सांगा, ग्रामपंचायतीत व्हीआरडब्ल्यू म्हणून दिव्यांगांची कामं बघणारा एक माणूस नेमलेला असतोय, बहुतेक वेळा तो स्वतः दिव्यांगच असतो, त्याला धरा. शहरात एवढं सोपं नाही, शहरात 'नाळे बर्री' ऐकायची तयारी ठेवा. उद्या या म्हणाले तर हसून विचारायचं, नाळे किती वाजता? आणि नाव लिहून घ्यायचं. मी कुबडी घेऊन चाळीस वर्षं हेच करतोय. वेळ विचारली आणि नाव लिहून घेतलं की बऱ्याचदा त्याच दिवशी काम होतंय, हा माझा अनुभव.

कार्ड हातात आलं की पार्किंगचं काय बदलतंय ते बघू. परमिट नसला तरी जागेचा नियम आहे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा, तो 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला, त्यात सार्वजनिक इमारत म्हणजे नुस्ती सरकारी नव्हे, जिथं जनता येते-जाते अशी खासगी इमारत पण धरलीय, दवाखाना आला, मॉल आला, मंगल कार्यालय आलं. आणि बांधकामाच्या नियमात लिहिलंय की दारापासून 30 मीटरच्या आत निदान दोन गाड्यांची राखीव जागा पाहिजे, आणि ती जागा 3.6 मीटर रुंद पाहिजे. आता ही 3.6 कुठनं आली? साधी जागा अडीच मीटरच्या आसपास असते. तुम्ही स्वतः अनुभवलंच असणार ताई, बाजूची गाडी चिकटून लागली की आपलं दार अर्धंच उघडतंय. धडधाकट माणूस तिरका होऊन निघतो बाहेर. दाजींना काय करायला लागतंय, आधी नकली पाय बाहेर, मग दाराला धरून अंग वळवायचं, तेवढ्यात व्हीलचेअर दाराच्या बाजूला लागली पाहिजे, तिचा ब्रेक लावायला मुलाला उभं राहायला जागा पाहिजे. त्यासाठी जास्तीचा मीटरभर. ती जागा दाराजवळ आहे ही सोय झाली पण ती रुंद आहे हे जास्त महत्त्वाचं, आणि आपल्याकडं जिथं तिथं उलटं, दाराजवळ एक अरुंद पट्टा निळा रंगवतात, वर चित्र काढतात आणि झालं म्हणतात.

हे नियम आधी नुस्ते मार्गदर्शक आहेत, पाळले तर पाळले असा सूर होता. 8 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं राजीव रतुरी केसमध्ये सांगितलं की असं चालणार नाही, सक्तीचे नियम करा. म्हणून आता कुठल्या दवाखान्यात जागा नसेल तर 'साहेब जरा बघा की' असं अजिजीनं बोलायची गरज नाही. भांडायची पण नाही. मॅनेजरला सरळ लेखी द्यायचं, राखीव जागा कुठं आहे ते सांगा, नसली तर कधी करणार ते सांगा. कागद दिला की त्याची पोच घ्यायची.

पण गेटवर उन्हात तुम्ही कायदा सांगत बसणार नाही हे मला कळतंय. गेल्या वर्षीचं माझंच सांगतो. एका मोठ्या दुकानात गेलो, राखीव जागा होती, छान निळी रंगवलेली, आणि तिच्यात चार कुंड्या आणि मालकाची बुलेट. मी साइड व्हीलवाली स्कूटर पुढं घेतली तर सिक्युरिटीवाला म्हणतो, "साहेब ही हँडिकॅपची जागा आहे." मी म्हटलं बाबा मग मी कोण? तर म्हणतो, "तुम्ही गाडीवर बसलायसा की." म्हणजे गाडी चालवता येते म्हणजे अपंग कसला, असा त्याचा हिशेब. मी उतरलो, कॅलिपरचं, म्हणजे पायाला बांधलेल्या लोखंडी आधाराचं, गुडघ्याचं लॉक कट्ट करून लावलं, तो आवाज ऐकल्यावर त्यानं स्वतः कुंड्या उचलल्या. आता प्रत्येक ठिकाणी लॉक वाजवून दाखवायचं का? म्हणून कार्ड. कार्डाची रंगीत झेरॉक्स लॅमिनेट करून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवा, आधार नंबर असला तर तो झाकून, मूळ कार्ड दाजींच्या खिशात. स्टिकर राहू दे, तो लांबनं दिसतो, कार्ड जवळ आल्यावर. दोन्ही मिळून भाच्याच्या पासाचं निम्मंअर्धं काम होतंय.

बाजारात मात्र यातलं काही धरून बसू नका. गणपत गल्ली, खडेबाजार, मारुती गल्ली, दिवाळीच्या आठवड्यात तिथं पोलिसाला पण गाडी लावता येत नाही. कार्ड असलं म्हणून नो पार्किंगमध्ये लावायची मुभा मिळत नाही, गाडी उचलून नेली तर दंड भरावाच लागतोय. तिथं दाजींना दुकानाच्या दारात उतरवायचं, तुम्ही सोबत थांबायचं आणि मुलानं गाडी लांब नेऊन लावायची. चौकात हवालदार असला तर आधीच खिडकीतनं कार्ड दाखवून दोन मिनिटं उतरवतो म्हणून सांगा. आमच्याकडचे पोलीस कन्नडात ओरडतात पण व्हीलचेअर बाहेर काढली की स्वतः मागची वाहनं थांबवतात, एवढं श्रेय त्यांना द्यायला पाहिजे.

आता मुलाचं. ताई, तुम्ही हे पत्रात लपवलं नाही म्हणून बरं वाटलं, तर मी पण स्पष्ट लिहितो. त्याला हक्क नाही. हक्क दाजींना आहे आणि दाजी गाडीत असतील तेव्हाच आहे. दाजींना घ्यायला रिकामी गाडी घेऊन दारात आला असेल तर ते वेगळं, पण एकटा कॉफी प्यायला गेला आणि स्टिकर आहे म्हणून त्या जागेत लावली, तर तो त्या बुलेटवाल्या मालकापेक्षा वेगळा कसा? उलट जास्त वाईट, कारण त्याला घरात रोज दिसतंय दार उघडायला किती जागा लागते ते. कायद्यात पण आहे, दिव्यांगांसाठीचा फायदा फसवून घेतला तर 91 व्या कलमाखाली 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आता कोण एवढ्यासाठी पोलिसात जाणार नाही, मला माहीत आहे, मी धाक दाखवायला लिहीत नाही. त्याला एवढंच सांगा की तू लावलास त्या दिवशी दुसऱ्या कुणाचा तरी बाप गाडीत बसून राहिला. न पटलं तर स्टिकर मॅग्नेटवाला आणा, शंभर-दोनशेला मिळतो, दाजी बसले की लावायचा, उतरले की काढून डिकीत टाकायचा. आमच्या एका मित्राच्या घरी हेच चाललंय आणि भांडण मिटलंय.

टोल. कोल्हापूरला जाताना हत्तरगी आणि कोगनोळी असे दोन लागतात, महिन्याला जाऊन येऊन चार वेळा फास्टॅग टुणटुण वाजतोय, त्यामुळं विचारलंत ते बरोबरच. नॅशनल हायवेच्या 2008 च्या फी नियमात सूट आहे, पण ती दिव्यांग माणसासाठी खास बनवलेल्या गाडीला आहे. नुस्तं दिव्यांग माणूस आत बसलाय म्हणून नाही. सूट पाहिजे तर आरसीवर मालक म्हणून दाजींचं नाव आणि मालकीच्या प्रकारात 'दिव्यांगजन' अशी नोंद लागते, ही सोय ऑक्टोबर 2020 पासून झाली, आणि त्या आरसीवर एनएचएआयकडं, म्हणजे नॅशनल हायवेच्या प्राधिकरणाकडं, सूट असलेला वेगळा फास्टॅग मागायचा. तुमची आताची गाडी मुलाच्या नावावर, तिच्यात काही बदल केलेला नाही, म्हणजे सध्या टोल भरायचा. टोलनाक्यावर स्टिकर दाखवून वाद घालू नका, मागं लाइन लागते आणि शेवटी पैसे भरूनच जायला लागतंय.

पण इथं मला तुम्हाला एक वेगळीच गोष्ट विचारायचीय आणि पत्र वाचल्यापासून तीच डोक्यात घोळतीय. दाजी आधी गाडी चालवत होते का? कारण तुम्ही लिहिलंय डावा पाय. डावा पाय म्हणजे क्लचचा. ऑटोमॅटिक गाडीला क्लच नसतो, ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही उजव्या पायानं. म्हणजे दाजींचा उजवा पाय, डोळे आणि शुगर ठीक असेल आणि डॉक्टर हो म्हणाले तर ऑटोमॅटिक गाडी ते स्वतः चालवू शकतात. हे घरात कुणी बोललं नसणार याची मला जवळजवळ खात्री आहे. पाय गेला की घरातले सगळे किल्ली लपवतात, प्रेमानंच, पण लपवतात. मोटार वाहन कायद्यात दिव्यांग माणसाला बदल केलेल्या गाडीपुरतं लायसन्स द्यायची तरतूद आहे. पाय गेल्यावर जुन्याच लायसन्सवर चालवायला सुरुवात मात्र करू देऊ नका, काही झालं तर इन्शुरन्सवाले हात वर करतील. आरटीओत जाऊन, डॉक्टरचं फिटनेस घेऊन, टेस्ट देऊन लायसन्सवर तशी नोंद करून घ्यायची. मग गाडी दाजींच्या नावावर घेतली, गरजेप्रमाणं बदल करून आरटीओकडनं आरसीवर नोंदवला, तर टोलचा रस्ता पण उघडतोय आणि इन्शुरन्समध्ये ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियमवर पण सूट मागता येते, इन्शुरन्सच्या एजंटला आयएमटी 12 एवढं म्हणा, त्याला कळतंय. बदल आधी करून मग आरटीओत जायचं नाही हं, आधी परवानगी मग गॅरेज.

नवीन गाडीच्या जीएसटी सवलतीबद्दल कोणतरी तुम्हाला सांगेलच, अवजड उद्योग खात्याचं सर्टिफिकेट आणा, 10 टक्के वाचतील वगैरे. ते जुनं झालं. 22 सप्टेंबर 2025 पासून 4 मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना, पेट्रोल 1200 सीसी आणि डिझेल 1500 सीसीपर्यंत, सगळ्यांनाच 18 टक्के जीएसटी झालाय. जो दर आधी आपल्याला सवलतीत मिळायचा तोच आता शेजाऱ्याला पण मिळतोय. त्या सर्टिफिकेटमागं पळून दोन महिने घालवू नका.

कोल्हापूरचं विचारलंत, कार्ड चालतं का. चालतं. दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट देशभर ग्राह्य असं कायद्याच्या 58 व्या कलमातच आहे. कागलच्या पुढं गेलं की माणसाचा पाय परत येत नाही एवढं तरी सरकारला मान्य आहे, सीमाप्रश्नात दुसरं काही मान्य असो नसो. म्हणजे कोल्हापूरच्या दवाखान्यात राखीव जागा असेल तर बेळगावच्या कार्डावर तुम्ही ती मागू शकता, केए 22 ची गाडी बघून कोण कुरकुरला तर कार्ड पुढं करा. राज्य सरकारच्या पैशातल्या योजना, पेन्शन, एसटीची सवलत, त्या मात्र त्या त्या राज्यातल्या रहिवाशांना असतात, दोन्हीकडं हात घालायचा प्रयत्न करू नका.

बसपास आपल्याकडं वर्षाला 660 रुपयांचा, राहत्या ठिकाणापासून 100 किलोमीटरपर्यंत, म्हणजे निपाणीपर्यंत सहज. कर्नाटक वन सेंटरवर सेवा सिंधूतनं अर्ज होतो. दाजी बसच्या पायऱ्या चढणार नाहीत आत्ताच, पण काढून ठेवायला काय जातंय. रेल्वेचं थोडं बघा, मिरजेपर्यंत रेल्वेनं जाऊन पुढं कोल्हापूर जमत असेल तर, कारण सोबत्याशिवाय प्रवास न करू शकणाऱ्या माणसाला स्लीपर आणि थर्ड एसीत 75 टक्के सूट आणि सोबत्याला पण तेवढीच. त्याला रेल्वेचं वेगळं कार्ड लागतं, आपलं डिव्हिजन हुबळी.

अपार्टमेंट. इथं कायदा शेवटी काढायचा, आधी चहा. तुम्हाला जास्तीची जागा नको आहे, अदलाबदल पाहिजे. लिफ्टजवळची जागा ज्यांची आहे त्यांच्याकडं दाजींना घेऊनच जा, व्हीलचेअरवर, तुम्ही एकट्या जाऊन सांगू नका, आणि म्हणा वहिनी आमची मागची जागा तुम्ही घ्या, सावलीची आहे. दहातले सात जण हो म्हणतात. जी जागा मिळेल तिच्या कडेला खांब आहे का ते आधी बघा, खांबाकडं दाजींचं दार आलं तर सगळं मुसळ केरात. रॅम्पच्या स्कूटरींचं सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिहून घ्या, ठराव म्हणून, आणि रॅम्पवर पिवळ्या पट्ट्या मारा, डबा दोनशे रुपयाचा, मुलाला लावा कामाला, त्याचं तेवढं प्रायश्चित्त.

आणि समजा दवाखाना ऐकेना, सोसायटी ऐकेना, तर बेंगळूरला दिव्यांगांसाठी राज्य आयुक्त आहेत, त्यांच्याकडं पोस्टानं तक्रार करता येते, वकील लागत नाही, आणि त्यांना समन्स काढायचे अधिकार आहेत. कुठल्या भाषेत लिहू हा आपला नेहमीचा प्रश्न. घटनेचं 350 वं कलम म्हणतं की राज्यात किंवा देशात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत तुम्ही गाऱ्हाणं मांडू शकता, म्हणजे मराठीत दिलेला अर्ज नाकारायचा कुणाला अधिकार नाही. हा हक्क सोडा असं मी कधी म्हणणार नाही. पण मी माझे अर्ज कन्नडात देतो. आमच्या गल्लीतला एक पोरगा लिहून देतो, खाली मी मराठीत सही करतो. कारण अर्ज टेबलावरनं पुढच्या टेबलावर गेला पाहिजे, आणि वाचता आलं नाही म्हणून बाजूला ठेवलाय असं निमित्त त्यांना द्यायचं नाही. काही लोक मला यावरनं बोलतात. बोलू देत, त्यांना दोन पाय आहेत, ते दहा वेळा जाऊन येतील.

सिव्हिलला जायच्या दिवशी सकाळी लवकर निघा, दाजींना नाश्ता करूनच न्या, शुगरची गोळी आणि बिस्किट पर्समध्ये, नंबर लागायला दुपार होते. डिस्चार्ज कार्ड, पायाचा एक्स-रे, आधारच्या चार झेरॉक्स, अर्जाची प्रिंट, फोटो चार. पॅन्ट सैल घाला, डॉक्टरला पाय बघायचा असतो, नकली पाय काढून परत घालायला आडोसा मिळेलच असं नाही म्हणून एक टॉवेल पण ठेवा.

आणि ते गाडी चालवायचं. तुम्ही नका विचारू, मुलालाच विचारू दे, बाबा तुम्हाला परत चालवायचंय का. दाजी काय म्हणाले ते मला कळवा.